राजकन्या पोकाहाँटस : चित्रपटातील आणि इतिहासातील

गोष्टीतील राजकन्या आणि इतिहासातील राजकन्या यांच्यात एक मोठा भेद असतो. गोष्टीतील राजकन्येचे दुःख कितीही दारुण असले तरी शेवटी ते फिटावयाचे असते. राक्षस मरतो, शाप सुटतो, राजपुत्र येतो आणि कहाणी सुफळ संपूर्ण होते. इतिहासातील राजकन्येला असे आश्वासन कोणी दिलेले नसते. तिचे दुःख पुष्कळदा तसेच राहून जाते, आणि पुढच्या पिढ्यांच्या हाती उरते ते एखादे चित्र, एखादी चर्चच्या दफ्तरातील नोंद व परक्यांनी लिहून ठेवलेली चार वाक्ये. अशा इतिहासातील राजकन्येला उचलून जेव्हा कोणी गोष्टीच्या महालात नेऊन बसवितो, तेव्हा त्या स्थलांतरात काय मिळाले व काय हरवले याचा हिशेब करणे इतिहासाच्या अभ्यासकाचे कर्तव्य ठरते.

अमेरिकेतील डिस्ने या जगप्रसिद्ध चित्रसंस्थेने १९९५ साली ‘पोकाहाँटस’ या नावाचा एक बोलपट काढला. तो जिवंत नटांचा नसून रेखाटलेल्या हलत्या चित्रांचा आहे, आणि मुलाबाळांसह सर्व कुटुंबाने पाहावा या हेतूने तो रचलेला आहे. आपल्याकडील सुशिक्षित घरांतूनही तो पाहिला जातो आणि त्यातील नायिकेची चित्रे मुलींच्या वह्या-दप्तरांवर दिसतात. या चित्रपटाविषयी प्रस्तुत लेखकाच्या अपेक्षा मोठ्या होत्या. सिंड्रेला किंवा हिमगौरी या कल्पनेच्या कन्या होत; परंतु पोकाहाँटस ही खरोखर होऊन गेलेली स्त्री. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी एकीला नायिकेचे स्थान देणारा हा चित्रपट, त्या लोकांविषयी आजवर झालेल्या अन्यायाची थोडीतरी भरपाई करील असे वाटत होते. प्रत्यक्षात पदरी निराशा आली. ती केवळ सनावळीच्या चुकांमुळे आलेली नाही. तिचे कारण अधिक खोल आहे, आणि तेच येथे सांगावयाचे आहे.

प्रथम चित्रपटाचे जे श्रेय आहे ते मोकळ्या मनाने देऊन टाकावे. त्यातील अरण्याची, वाऱ्यावर उडणाऱ्या पानांची व पाण्याची चित्रे अत्यंत मनोहर आहेत. त्याच्या संगीताला त्या वर्षीची दोन ऑस्कर पारितोषिके मिळाली, ती अस्थानी म्हणता येणार नाहीत. नायिका राजपुत्राची वाट पाहत बसणारी नाही. ती स्वतः विचार करते, धाडस करते, आणि अखेरीस प्रियकराबरोबर न जाता आपल्या लोकांत राहते. सृष्टीकडे केवळ मालकीच्या दृष्टीने पाहू नये, हा उपदेशही चांगला आहे. कथानक थोडक्यात असे. इंग्रजांचे एक जहाज सोन्याच्या शोधात व्हर्जिनियाच्या किनाऱ्यास लागते. त्यावर जॉन स्मिथ हा देखणा तरुण व रॅटक्लिफ हा लोभी अधिकारी असतो. स्मिथ आणि राजकन्या यांची अरण्यात गाठ पडते व प्रेम जमते. गैरसमजाने दोन्ही पक्ष युद्धास उभे राहतात. राजा पॉव्हॅटन स्मिथचा वध करणार तोच राजकन्या मध्ये पडते, राजाचे मन विरघळते, इंग्रज शिपाईही शस्त्रे खाली ठेवतात. रॅटक्लिफ तरीही गोळी झाडतो. ती स्मिथला लागते. रॅटक्लिफला बांधून जहाजावर घालतात, जखमी स्मिथ स्वदेशी जातो, आणि राजकन्या कड्यावर उभी राहून दूर जाणाऱ्या शिडांकडे पाहत राहते.

आता इतिहासाकडे वळू. १६०७ च्या मे महिन्यात इंग्रजांनी जेम्स नदीच्या काठी जेम्सटाउनची वसाहत घातली, त्या वेळी पोकाहाँटस दहा-अकरा वर्षांची पोर होती आणि स्मिथ सत्तावीस वर्षांचा होता. स्वतः स्मिथने १६०८ साली छापलेल्या वृत्तांतात तिचा उल्लेख दहा वर्षांची मुलगी असाच केला आहे. विल्यम स्ट्रेची या दुसऱ्या इंग्रजाने, ती वसाहतीत येऊन तेथील पोरांबरोबर कोलांट्या उड्या मारीत असे, असे लिहून ठेवले आहे. म्हणजे चित्रपटातील प्रणयाला आधार नाही. तेथील भूमीही चित्रपटातल्यासारखी नाही. ज्या सपाट, दलदलीच्या, खाड्यांनी विंचरलेल्या किनारी प्रदेशात हे सर्व घडले तेथे असले उत्तुंग कडे व धबधबे नाहीत.

‘पोकाहाँटस’ हेही तिचे खरे नाव नव्हते; खेळकर किंवा खोडकर अशा अर्थाचे ते लाडके टोपणनाव होते. तिची नावे अमोन्यूट व माटोआका. तिचा बाप वाहुनसेनाकाव्ह, ज्याला इंग्रज पॉव्हॅटन म्हणत, हा सुमारे तीस जमातींचा अधिपती होता, आणि त्याच्या सत्तेखाली चौदा-पंधरा हजार माणसे असावीत असा विद्वानांचा अंदाज आहे. परंतु ‘राजकन्या’ हा शब्द येथे जपूनच वापरला पाहिजे. या लोकांत वारसा मातेकडून चाले. अधिपतीमागून त्याचे भाऊ, नंतर बहिणी, व नंतर बहिणींची मुले असा तो क्रम होता. मलबारातील नायर घराण्यांत भाचा वारस होई, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही रीत चमत्कारिक वाटणार नाही. तेव्हा पॉव्हॅटनची मुलगी बापाची कितीही लाडकी असली तरी गादीशी तिचा संबंध नव्हता. तिला युरोपीय अर्थाने राजकन्या केली ती इंग्रजांनी. आणि ती का केली हे पुढे दिसून येईल.

ज्या प्रसंगावर या चित्रपटाचा व त्यापूर्वीच्या शेकडो चित्रांचा व कवितांचा डोलारा उभा आहे, त्या प्राणरक्षणाच्या प्रसंगाची साक्ष तपासून पाहू. स्मिथला पॉव्हॅटनच्या भावाने, म्हणजे ओपेचॅन्कॅनोने, १६०७ च्या डिसेंबरात पकडले आणि पुढे वेरोवोकोमोको येथील राजाच्या निवासस्थानी नेले, एवढे निश्चित आहे. परंतु १६०८ च्या वृत्तांतात स्मिथ सांगतो की, राजाने आपले स्वागत केले, जेवू घातले, विचारपूस केली व परत पाठविले. शिळेवर मस्तक ठेविल्याचा, सोटे उगारल्याचा व मुलीने अंगावर झेप घेतल्याचा त्यात मागमूस नाही. ती हकीकत विस्ताराने येते ती १६२४ सालच्या त्याच्या मोठ्या ग्रंथात; म्हणजे सोळा वर्षांनंतर, जेव्हा ती मुलगी व तिचा बाप दोघेही हयात नव्हते. मधल्या काळात, १६१६ मध्ये, आपण इंग्लंडच्या राणीस पत्र लिहून हा प्रसंग कळविला होता असे स्मिथ म्हणतो खरा. पण त्या पत्राचा गोषवारादेखील त्याच १६२४ च्या ग्रंथात मिळतो. शिवाय त्याच ग्रंथाच्या अर्पणपत्रिकेत, संकटकाळी आपणांस निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या थोर स्त्रियांनी तारले असे तो सांगतो. तुर्कांच्या बंदिवासातील एक, तार्तारांच्या देशातील एक, फ्रान्समधील एक, आणि व्हर्जिनियातील ही पोकाहाँटस.

महाराष्ट्रातील वाचकाला हा पेच नवीन नाही. समकालीन पत्र एका बाजूस व वर्षे लोटल्यावर लिहिलेली बखर दुसऱ्या बाजूस, असा प्रसंग आला म्हणजे कोणत्या पुराव्याला किती वजन द्यावे, याचा धडा इतिहासाचार्य राजवाडे यांनी आपल्याला केव्हाच घालून दिला आहे. स्मिथचा १६२४ चा ग्रंथ ही त्याची स्वतःचीच बखर होय. काही विद्वान म्हणतात की असे काही घडलेच नाही; दुसरे म्हणतात की काही घडले असेल तर तो परक्याला जमातीत दत्तक घेण्याचा विधी असावा, व स्मिथला त्याचा अर्थ कळला नसावा. कोणतेही मत स्वीकारले तरी, प्रेमवेड्या तरुणीने प्रियकराचे प्राण वाचविले हे चित्र त्यातून निघत नाही.

परंतु येथवर जे सांगितले ते पुष्कळांनी सांगितलेले आहे, आणि केवळ एवढ्यावर चित्रपटास दोषी धरणे कदाचित कडकपणाचे होईल. मुख्य गोष्ट पुढेच आहे. ज्या ठिकाणी चित्रपट संपतो, त्या ठिकाणी पोकाहाँटसची खरी कथा सुरू होते.

स्मिथ १६०९ च्या शरद ऋतूत बंदुकीच्या दारूने भाजून इंग्लंडला गेला. तो मेला असे तिला सांगण्यात आले. त्या हिवाळ्यात जेम्सटाउनमध्ये भयंकर उपासमार झाली व शेकडोंपैकी सुमारे साठच माणसे उरली. धान्यासाठी दोन्ही पक्षांत झटापटी चालू राहिल्या. मधल्या काळात तिचे कोकोम नावाच्या स्वजातीय पुरुषाशी लग्न झाले होते, असे स्ट्रेची लिहितो. १६१३ च्या एप्रिलात कॅप्टन सॅम्युअल अरगॉल याने पोटोमॅक नदीकाठच्या एका लहान सरदाराला व त्याच्या बायकोला फितवून तिला आपल्या जहाजावर आणविले व अडकवून ठेविले. या कामगिरीबद्दल त्या दांपत्याला मिळालेल्या बक्षिसात एक तांब्याचे भांडे होते. तिच्या मोबदल्यात इंग्रजांनी आपले कैदी, शस्त्रे व धान्य मागितले. बापाने काही कैदी, काही मोडक्या बंदुका व थोडे धान्य पाठविले; ते अपुरे ठरवून तिला सुमारे वर्षभर तसेच ठेविले.

या कैदेत तिला इंग्रजी भाषा, इंग्रजी पोशाख व ख्रिस्ती धर्म शिकविला गेला. अलेक्झांडर व्हिटेकर या धर्मोपदेशकाकडे हे काम होते. तिचे नाव रिबेका झाले. याच सुमारास जॉन रॉल्फ या विधुर मळेवाल्याने तिच्याशी लग्न करण्याची परवानगी गव्हर्नर सर टॉमस डेल याच्याकडे मागितली. रॉल्फचे ते पत्र उपलब्ध आहे, व मानवी मनाचा अभ्यास करणाराने ते अवश्य वाचावे. आपण हा विवाह विषयवासनेने करीत नसून वसाहतीच्या हितासाठी, देशाच्या मानासाठी, देवाच्या गौरवासाठी व स्वतःच्या आणि त्या अज्ञानी स्त्रीच्या उद्धारासाठी करीत आहो, असे तो नाना परींनी पटवितो. १६१४ च्या एप्रिलात विवाह झाला. पॉव्हॅटन स्वतः आला नाही. त्याने एक वृद्ध आप्त व दोन मुलगे पाठविले. काही आठवड्यांतच डेलने, स्वतःची पत्नी इंग्लंडात असता, पॉव्हॅटनकडे त्याची आणखी एक धाकटी मुलगी मागितली. एक मुलगी दिली तेवढी पुरे आहे, अशा अर्थाचे उत्तर त्या म्हाताऱ्याने दिले.

जॉन रॉल्फचे नाव इतिहासात आणखी एका कारणासाठी राहिले आहे. त्याने वेस्ट इंडीजकडील तंबाखूचे बी आणून व्हर्जिनियात पेरले, आणि ते पीक यशस्वी झाले. चित्रपटातील इंग्रज जमीन खणून सोने शोधतात व ते न मिळाल्याने कहाणी जवळजवळ मिटते. वस्तुतः सोने सापडलेच. ते जमिनीच्या पोटात नसून पाठीवर होते. १६१७ साली सुमारे वीस हजार पौंड वजनाची तंबाखू इंग्लंडला गेली. हे पीक जमिनीचा कस झपाट्याने शोषून घेते; म्हणून दर काही वर्षांनी नवी जमीन पाहिजे. १६१८ पासून वसाहतीत माणूस आणणारास दरमाणशी पन्नास एकर जमीन मिळू लागली. ती जमीन अर्थातच कोणाची तरी होती. आणि मजूर कमी पडू लागले तेव्हा काय झाले, तेही रॉल्फच्याच पत्रावरून कळते. १६१९ साली एका जहाजाने वीसहून काही अधिक आफ्रिकी माणसे आणली, ही प्रसिद्ध नोंद त्याचीच आहे.

कंपनीला आता भागीदार पाहिजे होते, पैसा पाहिजे होता. त्यासाठी तिने सोडतीदेखील काढल्या होत्या. ‘रानटी’ लोक कसे सुधारतात याचा जिवंत पुरावा म्हणून १६१६ साली पोकाहाँटस, रॉल्फ व त्यांचा लहानगा मुलगा टॉमस यांना डेलने इंग्लंडला नेले. जहाज अरगॉलचे होते, म्हणजे तिला पळवून नेणाऱ्याचेच. तिच्याबरोबर तिचे सुमारे डझनभर देशबांधव होते. त्यांपैकी एकाला पॉव्हॅटनने, इंग्लंडात माणसे किती आहेत हे काठीवर खाचा पाडून मोजून ये, असे सांगितले होते. त्या बिचाऱ्याने तो नाद लवकरच सोडून दिला. लंडनमध्ये तिचे चित्र कोरले गेले. उंच टोपी, ताठ झालरदार गळपट्टी, हातात पंखा. त्याखाली ती सम्राट पॉव्हॅटनची कन्या असल्याचे लिहिले आहे. जिच्या समाजात मुलीला गादीचा वारसा नव्हता, ती येथे राजकन्या झाली, कारण राजकन्येला पाहून भागभांडवल येण्याचा संभव अधिक होता. १६१७ च्या जानेवारीत राजवाड्यातील नाट्यसमारंभासही ती हजर होती.

ब्रेंटफर्ड येथे स्मिथ तिला भेटावयास गेला. ही भेट स्मिथनेच वर्णिली आहे. आणि ती त्याला भूषणावह नसल्यामुळे तिच्या खरेपणाविषयी प्राणरक्षणाच्या कथेइतकी शंका येत नाही. ती त्याला पाहून एक शब्द बोलली नाही. तोंड फिरवून, चेहरा झाकून, दोन-तीन तास तशीच राहिली. मग बोलू लागली ती अशा अर्थाचे की, तू माझ्या बापाला वचन दिले होतेस की तुझे ते त्याचे व त्याचे ते तुझे; तू परका म्हणून आमच्या देशात आलास तेव्हा त्याला बाप म्हणत होतास; आता मी तुझ्या देशात परकी आहे, तेव्हा मीही तुला तसेच म्हणणार. स्मिथने, राजाची मुलगी आपणांस बाप म्हणते हे बरे दिसणार नाही, अशी सबब सांगितली. त्यावर तिने विचारले की, माझ्या बापाच्या मुलखात येऊन सर्वांना भिवविताना तू भ्याला नाहीस, आणि मी बाप म्हणते त्याला येथे भितोस? तू मेलास असे आम्हाला नेहमी सांगत होते. तुझे देशबांधव फार खोटे बोलतात.

या स्त्रीच्या तोंडचे म्हणून फार थोडे बोल कागदावर उतरले आहेत. जे आहेत तेही इंग्रजांनी लिहिलेले. त्यांत एक तिच्या कैदेतील आहे. बापाचे मजवर प्रेम असते तर त्याने जुन्या तलवारी व कुऱ्हाडींपेक्षा मला कमी लेखले नसते, असे ती म्हणाल्याचे नमूद आहे. दुसरा हा ब्रेंटफर्डचा. दोन्हींत प्रणय नाही. दोन्ही ठिकाणी एक फसविली गेलेली माणूस आपला जाब विचारीत आहे. १६१७ च्या मार्चमध्ये परतीच्या वाटेवर ती आजारी पडली व ग्रेव्हझेंड येथे वारली. वय सुमारे एकवीस. त्या गावच्या सेंट जॉर्ज चर्चच्या दफ्तरात २१ मार्च ही दफनाची तारीख आहे. ते चर्च १७२७ साली जळाले. आज तिची नेमकी जागा दाखविता येत नाही.

आता कोणी म्हणेल की, कलावंत हा इतिहासकार नव्हे; त्याला कथानक बदलण्याची मुभा असावी. हे आम्हाला पूर्णपणे मान्य आहे. इतिवृत्तातील रसाला प्रतिकूल भाग कवीने टाकावा, असे आनंदवर्धनानेच सांगून ठेविले आहे. कालिदासाने महाभारतातील शकुंतलेची कथा केवढी बदलली! मूळ कथेत दुष्यंत जाणूनबुजून तिला नाकारतो. कालिदासाने दुर्वासाचा शाप व अंगठी आणून राजाला निर्दोष केले. परंतु एवढे करूनही त्याने एक गोष्ट हरवू दिली नाही. पाचव्या अंकात भरदरबारात शकुंतला राजाला अनार्य म्हणून खडसावते. कवीने राजाचा अपराध हलका केला, पण नायिकेचा संताप हिरावून घेतला नाही. म्हणूनच ते नाटक आजही अंतःकरणाला भिडते. डिस्नेच्या चित्रकारांनी याच्या उलट केले आहे. त्यांनी आपल्या नायिकेला सुंदर गाणी दिली, बोलणारा वृद्ध वृक्ष दिला, सोबतीला प्राणी-पक्षी दिले, आणि तिचा जाब तेवढा काढून घेतला. १९९८ साली या चित्रपटाचा जो दुसरा भाग निघाला त्यात ती लंडनला जाते, स्मिथलाही भेटते. पण तेथे दोन प्रियकरांतून एकाची निवड, एवढाच प्रश्न उरतो, आणि शेवटी रॉल्फसह ती आनंदाने मायदेशी निघते. ज्या परतीच्या प्रवासात ती मेली, तोच प्रवास येथे सुखान्त झाला आहे.

आणि निराशेचे दुसरे, आमच्या मते अधिक महत्त्वाचे कारण असे की, या चित्रपटात अन्यायाचे कारणच नाहीसे झाले आहे. त्याच्या मते संघर्ष का झाला? दोन्ही पक्ष एकमेकांना रानटी समजत होते म्हणून. एका गाण्यात तर दोघांच्या तोंडी तोच द्वेष सारख्या मापाने घातला आहे. मग उरलेला दोष एकट्या लठ्ठ, लोभी रॅटक्लिफच्या माथी मारला, आणि त्याला बेड्या घालून परत पाठविल्याबरोबर अरिष्ट टळले. खरा रॅटक्लिफ इंग्लंडला परतला नाही. तो १६०९ साली पॉव्हॅटनच्या लोकांच्या हातून मारला गेला, आणि त्याच्या मरणाने वसाहतीचे धोरण तसूभरही बदलले नाही. कारण लोभ हा एका माणसाचा स्वभाव नव्हता. ती एक सनदी व्यवस्था होती. १६०६ च्या राजसनदेने निघालेली व्हर्जिनिया कंपनी, तिचे लंडनमधील भागीदार, त्यांना हवा असलेला नफा, त्यासाठी लागणारे पीक व त्या पिकासाठी लागणारी जमीन, ही ती साखळी. रॉल्फसारखा भाविक व सौम्य मनुष्यही त्याच साखळीचा एक दुवा होता. एका दुष्टाला हाकलून ती तुटत नाही.

ही गोष्ट आपल्याला दूरच्या खंडातील म्हणून सोडून देता येत नाही. व्हर्जिनिया कंपनीचा १६०९ पासूनचा कोषाध्यक्ष, म्हणजे वस्तुतः मुख्य चालक, सर टॉमस स्मिथ हाच १६०० साली निघालेल्या ईस्ट इंडिया कंपनीचा पहिला गव्हर्नर होता. ज्या वर्षी पोकाहाँटसला पळविले त्याच वर्षी, १६१३ मध्ये, जहांगीराच्या फर्मानाने सुरतेच्या वखारीचा पाया पक्का झाला. ती ग्रेव्हझेंडला मेली तेव्हा सर टॉमस रो हा इंग्रज वकील जहांगीराच्या छावणीबरोबर हिंडत होता. आणि जो सर टॉमस डेल तिला इंग्लंडला घेऊन गेला, तो लवकरच ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमाराचा अधिपती होऊन पूर्वेकडे आला, जावाजवळ डचांशी लढला, व १६१९ साली आपल्या मच्छलीपट्टण येथे मरण पावला. तीच माणसे, तोच पैसा, तीच हिशेबाची पद्धत. फरक एवढाच की येथे बलाढ्य मोगल पातशाही असल्यामुळे दीडशे वर्षे अर्ज-विनंत्यांवर भागवावे लागले. तेथे ते लागले नाही. आपल्या इतिहासातही, कंपनीच्या राज्यात जे अनिष्ट झाले ते अमुक एका लोभी अधिकाऱ्यामुळे, अशी समजूत करून देणारी पुस्तके पुष्कळ होऊन गेली. ही समजूत किती अपुरी आहे हे दादाभाईंनी आकडे मांडून दाखविले. रॅटक्लिफला बेड्या घालून समाधान मानणारा चित्रपट आपल्या मुलांना त्याच अपुऱ्या समजुतीकडे परत नेतो.

पुढे काय झाले तेही पाहावे. पॉव्हॅटन १६१८ साली वारला. तंबाखूचे मळे वाढत वाढत नदीकाठची सगळी चांगली जमीन व्यापू लागले. २२ मार्च १६२२ रोजी ओपेचॅन्कॅनोने एकाच दिवशी सर्व वसाहतीवर हल्ला केला. त्यात ३४७ इंग्रज मेले. त्यानंतर वर्षानुवर्षे सूडाच्या मोहिमा चालल्या, आणि १६४६ मध्ये तो अतिवृद्ध सरदार जेम्सटाउनच्या कैदेत मारला गेला. पोकाहाँटसच्या मुलापासून मात्र व्हर्जिनियात मोठमोठी गोरी घराणी निर्माण झाली व तिच्या वंशाचा त्यांना अभिमान वाटू लागला. याचा परिणाम कसा झाला? १९२४ साली त्या राज्याने वंशशुद्धीचा कायदा केला व माणसांची गोरे आणि बिगरगोरे अशी विभागणी केली. परंतु मूळ रहिवाशांचे रक्त एक-षोडशांशापर्यंत असेल तर तो मनुष्य गोराच समजावा, अशी पुस्ती त्यात जोडली. कारण तसे न करावे तर पोकाहाँटसचे प्रतिष्ठित वंशजच बिगरगोरे ठरत होते! म्हणजे राजकन्येचे रक्त चालले, पण तिचे भाईबंद सरकारी दफ्तरातून पुसले गेले. तो कायदा १९६७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने निष्प्रभ झाला. चित्रपट निघाला त्या १९९५ साली व्हर्जिनियातील एकाही मूळ जमातीला मध्यवर्ती सरकारची मान्यता नव्हती. पॅमंकी या जमातीला, जी पॉव्हॅटनच्या राज्याचा गाभा होती, ती मान्यता देण्याचा निर्णय २०१५ मध्ये झाला. आणखी सहा जमातींना ती २०१८ मध्ये मिळाली. पोकाहाँटसची मूर्ती जेम्सटाउनमध्ये १९२२ पासून उभी आहे; तिच्या लोकांना मात्र आपण अस्तित्वात आहो हे सिद्ध करण्यास जवळजवळ आणखी शंभर वर्षे लागली.

तेव्हा हा चित्रपट मुलांना दाखवू नये काय? तसे आमचे म्हणणे नाही. मनाई केल्याने इतिहास कळत नाही, आणि सुंदर चित्रे पाहण्याचा मुलांचा आनंद हिरावून घेण्याचे कारणही नाही. आमची सूचना एवढीच की, कड्यावर उभी असलेली राजकन्या पाहून झाल्यावर, पुढे काय झाले असे एखाद्या चौकस मुलीने विचारले, तर वडीलधाऱ्यांनी तो प्रश्न टाळू नये. तिला सांगावे की ही मुलगी पुढे पकडली गेली, तिचे नाव बदलले, तिला परमुलखात नेऊन मिरविले. आणि जेव्हा तिला जुना ओळखीचा माणूस भेटला तेव्हा तिने त्याला, तुम्ही आम्हांशी खोटे का बोललात, असे तोंडावर विचारले. दहा वर्षांच्या मुलीला हे कळत नाही असे समजण्याचे कारण नाही. वचन मोडणे म्हणजे काय, हे त्या वयात जितके स्वच्छ कळते तितके पुढे क्वचितच कळते. तिला खऱ्या राजकन्येची ओळख होईल ती याच प्रश्नातून. आणि प्रस्तुत चित्रपटाने आपल्या साऱ्या वैभवानिशी नेमका तोच प्रश्न तिच्यापासून दूर ठेवला आहे, ही आमची तक्रार आहे.